भर उन्हात आठ दिवस माउंटन बाइक: केप एपिकमध्ये सायकलपटूंची खरी परीक्षा उष्णता कशी घेते?

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात 'केप एपिक' ही माउंटन बाइक शर्यत होते. आठ दिवस, साधारण ६०० ते ७०० किलोमीटर अंतर आणि सगळा मिळून १५ हजार मीटरच्या आसपास चढ. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे समुद्रसपाटीपासून कळसूबाई नऊ वेळा चढण्याइतका हा चढ झाला, आणि तोही खडी, वाळू आणि सुट्या दगडांच्या वाटेवरून.

या शर्यतीची एरवीची वेळ मार्च महिन्यातली. दक्षिण गोलार्धात मार्च म्हणजे उन्हाळ्याचा शेवट. पण समुद्रापासून आत असलेल्या खोऱ्यांमध्ये तेव्हाही रणरणतं ऊन असतं आणि काही दिवशी पारा चाळिशीकडे सरकतो. तीव्र उष्णतेमुळे टप्प्याचं अंतर ऐन वेळी कमी करण्याची वेळही इथल्या आयोजकांवर आली आहे.

अशा शर्यतीत उष्णता शरीराचं नेमकं काय करते? पाणी किती प्यायचं? उन्हाची सवय करून घेता येते का? आणि आता थांबायला हवं, हे कोणी ठरवायचं? समजून घेऊया.

केप एपिक काय आहे?

दक्षिण आफ्रिकेच्या केव्हिन व्हर्माक यांनी ही शर्यत २००४ मध्ये सुरू केली. त्याआधी त्यांनी कोस्टा रिकामधल्या 'ला रुटा' या अनेक दिवसांच्या माउंटन बाइक शर्यतीत भाग घेतला होता. तशी शर्यत आपल्या देशात व्हावी, ही कल्पना त्यांना तिथेच सुचली.

पहिल्या दिवशी छोटी प्रस्तावना फेरी असते. त्यानंतर सलग सात दिवस सात टप्पे. मार्ग दरवर्षी बदलतो. स्टेलनबॉश, पार्ल, टलबाख, हर्मानस अशा गावांच्या आसपासचे डोंगर, द्राक्षमळे आणि शेतरस्ते यांतून तो जातो. स्पर्धकांचा मुक्काम तंबूंमध्ये असतो.

शर्यतीचा सर्वांत वेगळा नियम म्हणजे इथे एकट्याने उतरता येत नाही. दोघांची जोडी लागते आणि दोघांमधलं अंतर दोन मिनिटांपेक्षा जास्त होऊन चालत नाही. तसं झालं तर जोडीला वेळेचा दंड बसतो.

जर्मनीचा कार्ल प्लाट आणि स्वित्झर्लंडचा क्रिस्टॉफ साउझर यांनी ही शर्यत प्रत्येकी पाच वेळा जिंकली आहे. महिलांमध्ये डेन्मार्कच्या आनिका लांगवाडने ही शर्यत अनेकदा जिंकली आहे. रिओ ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळवणारा निनो शुर्टर इथे तीन वेळा जिंकला. पण शर्यतीत बहुसंख्य असतात ते हौशी सायकलपटू. नोकरी-धंदा सांभाळून, पहाटे उठून सराव करणारी ही माणसं त्याच वाटांवरून, त्याच उन्हातून जातात.

ऊन सगळ्यांना सारखंच लागतं का?

नाही. आणि इथेच हौशी स्पर्धकांचा अंदाज चुकतो.

टप्पा सकाळी लवकर सुरू होतो. आघाडीचे व्यावसायिक सायकलपटू चार-पाच तासांत तो संपवतात. दुपारचं ऊन चढेपर्यंत ते सावलीत बसून जेवत असतात. मागच्या फळीतल्या जोड्यांना त्याच टप्प्याला आठ-नऊ तास लागतात. साहजिकच बारा ते चार ही दिवसातली सर्वांत तापलेली वेळ त्यांची सायकलवरच जाते. ज्यांची तयारी कमी, त्यांच्या वाट्याला ऊन जास्त, असा हा उलटा हिशोब आहे.

त्यात सावली नाही. या भागात 'फेनबॉस' नावाची खुरटी झुडपं वाढतात. जैवविविधतेच्या दृष्टीने ती जगप्रसिद्ध आहेत, पण सायकलवरच्या माणसाला त्यांची सावली मिळत नाही. वरून ऊन आणि खालून तापलेल्या खडकाची धग, असं दोन्हीकडून भाजून निघायला होतं.

शरीरात इतकी उष्णता येते कुठून?

बरीचशी उष्णता शरीर स्वतःच तयार करतं. आपले स्नायू हे फारसं काटकसरी यंत्र नाही. खर्च झालेल्या ऊर्जेपैकी जेमतेम २० ते २५ टक्के भाग पेडल फिरवायला लागतो. उरलेल्या सगळ्याची उष्णता होते.

समजा, एखादा सायकलपटू चढावर पेडलवर २०० वॅट इतकी शक्ती लावतो आहे. तेवढ्यासाठी त्याचं शरीर एकूण ८०० ते १,००० वॅट ऊर्जा खर्च करतं. म्हणजे ६०० ते ८०० वॅट इतकी उष्णता शरीरात साठू लागते. घरातली साधी इस्त्री साधारण तेवढ्याच वॅटची असते. ती इस्त्री पोटात तासन् तास चालू ठेवून डोंगर चढायचा आहे, असं समजा.

ही उष्णता बाहेर टाकायचा मुख्य मार्ग म्हणजे घाम. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्ण वाळला, तर साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. या हिशोबाने वरच्या सायकलपटूला थंड राहायला दर तासाला एक लिटरच्या आसपास घाम नुसता येऊन चालत नाही, तो वाळावाही लागतो. हनुवटीवरून टपकलेला घाम शरीरातलं पाणी कमी करतो, शरीर थंड मात्र करत नाही.

हवेचं तापमान त्वचेच्या तापमानापेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा वर गेलं, की परिस्थिती आणखी बिकट होते. तोपर्यंत वारा शरीराची थोडी उष्णता घेऊन जात असतो. त्यानंतर तोच वारा शरीराला तापवू लागतो. मग घामाशिवाय दुसरा आधार उरत नाही.

रस्त्यावरच्या सायकलिंगपेक्षा हे अवघड का?

रस्त्यावर ताशी ३५ किलोमीटर वेगाने जाणाऱ्याला सतत वारा मिळतो आणि घाम लगेच वाळतो. डोंगरातल्या खड्या चढावर वेग ताशी सात-आठ किलोमीटरवर येतो. जोर सर्वांत जास्त लागतो नेमका तेव्हाच वारा नाहीसा होतो. वारा पाठीमागून असेल तर सायकलस्वाराला हवा स्तब्धच वाटते.

उतारावर वारा असतो, पण तिथे हात मोकळे नसतात. दगडधोंड्यांतून उतरताना ब्रेक आणि हँडल सोडून बाटली काढणं धोक्याचं असतं. त्यामुळे प्यायला-खायला मिळणारी संधी कमी होते. पाठीवरच्या पिशवीतून नळीने पाणी पिता येतं म्हणून अनेक जण ती वापरतात. पण ती पाठ झाकते आणि वजनही वाढवते.

हृदय आणि पोटावर काय परिणाम होतो?

उन्हात रक्ताला दोन कामं एकाच वेळी करावी लागतात. स्नायूंना प्राणवायू पोहोचवायचा आणि आतली उष्णता त्वचेपर्यंत आणायची. घामामुळे रक्तातलं पाणी कमी होत जातं, म्हणून हृदयाला तेवढ्याच कामासाठी जास्त वेळा धडकावं लागतं. सकाळी ज्या वेगाला नाडीचे ठोके मिनिटाला १४० होते, त्याच वेगाला दुपारी ते १५५ किंवा १६० होऊ शकतात.

या ओढाताणीत पोटाला मिळणारं रक्त कमी होतं. पचन मंदावतं, मळमळतं, गोड पेय नकोसं होतं. लांब शर्यतीत सायकलपटू साधारणपणे तासाला ६० ते ९० ग्रॅम कर्बोदकं घेण्याचा प्रयत्न करतात. उन्हात हेच गणित कोलमडतं. खाल्लेलं उलटतं, खाणं थांबतं, शक्ती संपते. 'पाय गेले' असं अनेक जण नंतर सांगतात. प्रत्यक्षात आधी पोट गेलेलं असतं.

मग भरपूर पाणी प्यावं, एवढंच ना?

हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. त्याचा इतिहासही दक्षिण आफ्रिकेशी जोडलेला आहे.

१९६९ मध्ये विंडम आणि स्ट्रायडम या दक्षिण आफ्रिकी संशोधकांनी मॅरेथॉन धावपटूंवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कमी पाणी पिण्याचा संबंध त्यांनी शरीराचं तापमान वाढण्याशी जोडला. पुढे जगभर 'तहान लागायची वाट पाहू नका, पीत राहा' हा सल्ला रूढ झाला.

त्याच देशातले डॉक्टर टिम नोक्स यांनी १९८५ मध्ये नाण्याची दुसरी बाजू दाखवली. लांब शर्यतींतल्या चार खेळाडूंची प्रकरणं त्यांनी मांडली. हे खेळाडू पाणी कमी पडून नव्हे, तर जास्त झाल्याने आजारी पडले होते. अति पाण्यामुळे रक्तातलं सोडियम पातळ होतं. याला हायपोनेट्रेमिया म्हणतात. मेंदूला सूज येऊन यात जीवही जाऊ शकतो.

२००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं. त्यांपैकी १३ टक्के जणांचं सोडियम गरजेपेक्षा कमी निघालं. जास्त वेळ लागलेल्यांमध्ये आणि धावताना वजन वाढलेल्यांमध्ये हा धोका अधिक होता. तासन् तास मागे राहणाऱ्या आणि प्रत्येक थांब्यावर पोटभर पाणी पिणाऱ्या हौशी सायकलपटूलाही हाच धोका लागू होतो.

मग किती प्यावं? एक आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. कोणाला तासाला अर्धा लिटर घाम येतो, कोणाला दोन लिटर. घामातल्या मिठाचं प्रमाणही माणसागणिक दुप्पट-तिप्पट बदलतं. त्यासाठी एक साधा घरगुती उपाय आहे. उन्हातल्या सरावाआधी आणि नंतर, अंग पुसून वजन करायचं. एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं. त्यात सरावादरम्यान प्यायलेलं पाणी मिळवायचं. यावरून स्वतःचा घामाचा दर कळतो. सगळी घट भरून काढायची गरज नसते. पण सरावानंतर वजन वाढलेलं दिसलं, तर पाणी नक्कीच जास्त झालं.

उन्हाची सवय करून घेता येते का?

येते. १० ते १४ दिवस रोज तासभर ते दीड तास उन्हात व्यायाम केला, तर शरीर बदलतं. रक्तातला पाण्याचा भाग वाढतो, घाम लवकर आणि जास्त येतो, घामातून मीठ कमी जातं आणि नाडी शांत राहते. हे सगळं कायमचं नसतं. सराव थांबल्यावर काही आठवड्यांत ही सवय ओसरते.

या ज्ञानाचं मूळ क्रीडांगणावर नाही, खाणीत आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या खोल सोन्याच्या खाणींमध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मजूर उष्माघाताने मरत होते. १९३० च्या दशकात डॉ. ड्रेओस्टी यांनी तिथे उष्णतेची सवय लावण्यावर पद्धतशीर काम केलं. पुढे विंडम आणि स्ट्रायडम यांनीही खाणमालकांच्या संघटनेच्या प्रयोगशाळेत तेच काम वाढवलं. नव्या मजुरांना तापवलेल्या खोल्यांमध्ये काम करायला लावून, त्यांचं तापमान मोजून मग खाली पाठवलं जाई. हे मजूर बहुतांशी कृष्णवर्णीय होते आणि या प्रयोगांत त्यांच्या इच्छेला फारसं स्थान नव्हतं. आज सायकलपटू ज्या वेळापत्रकाने उन्हाची सवय करतात, त्याचा पाया या माणसांच्या घामावर उभा आहे.

केप एपिकला येणाऱ्या युरोपीय स्पर्धकांपुढे वेगळी अडचण असते. मार्चमध्ये ते थेट हिवाळ्यातून येतात. त्यांच्यासाठी वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक सोपा मार्ग दाखवला. त्यांच्या प्रयोगात थंड हवेत व्यायाम केल्यानंतर लगेच ४० अंशांच्या गरम पाण्यात ४० मिनिटांपर्यंत बसवलं गेलं. सलग सहा दिवस असं केल्यावर उन्हाची बरीचशी सवय झालेली दिसली. अर्थात चक्कर येण्याचा धोका असल्याने हे एकट्याने करू नये.

मराठी मुलखातल्या सायकलपटूंना ऊन शोधत जावं लागत नाही. अमेरिकेच्या वाळवंटातून जाणारी 'रेस अक्रॉस अमेरिका' ही रस्त्यावरची शर्यत नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये जोडीने पूर्ण केली. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती २०१७ मध्ये एकट्याने पूर्ण केली. पण ऊन सगळीकडे सारखं नसतं. विदर्भातल्या कोरड्या हवेत घाम झटकन वाळतो. मुंबई-कोकणात पारा कमी असूनही दमट हवेत तो अंगावर तसाच राहतो. म्हणून नुसता पारा पाहून धोका ठरवता येत नाही. आर्द्रता, वारा आणि उन्हाची धग यांचा एकत्रित विचार करणारा 'वेट बल्ब ग्लोब' निर्देशांक क्रीडा स्पर्धांमध्ये वापरला जातो, तो यासाठीच.

शर्यतीच्या दिवशी काय करतात?

अनुभवी जोड्या सकाळच्या गारव्यात बरंचसं अंतर कापतात, पण सगळी ताकद तिथेच उधळत नाहीत. पहिल्या चढावर वाहवत गेलेला स्पर्धक दुपारी त्याची किंमत मोजतो.

पाठीवरच्या पिशवीत रात्रभर गोठवलेलं पाणी भरतात. थांब्यावर बर्फ मिळाला तर तो मानेशी धरतात. डोक्यावर, हातांवर, जर्सीवर पाणी ओततात. कोरड्या हवेत हा उपाय फार प्रभावी ठरतो, कारण ओतलेलं पाणी घामाचंच काम करतं आणि शरीरातलं पाणी वाचतं. एका बाटलीत मीठ-साखरेचं पेय आणि दुसरीत साधं पाणी ठेवण्यामागेही हाच विचार आहे. साधं पाणी पिता येतं आणि अंगावरही ओतता येतं.

वेग ठरवताना नाडीवर लक्ष असतं. ठोके ठरलेल्या मर्यादेपुढे गेले, तर वेग कमी करायचा. ही मर्यादा आदल्या रात्री ठरवतात. भर उन्हात, समोरची जोडी दिसत असताना ती ठरवायला बसलं, तर ती पाळली जात नाही.

ऊन लागलं हे ओळखायचं कसं?

डोकं दुखणं, मळमळ, पेटके, अंगावर शहारे येणं ही सुरुवातीची लक्षणं. इथेच सावलीत थांबून अंग थंड केलं, तर बहुतेकदा गोष्ट सावरते.

उष्माघात यापुढचा. शरीराचं आतलं तापमान ४० अंशांच्या वर जातं आणि मेंदूचं काम बिघडतं. माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो, तोल जातो, ओळखीची वाट चुकतो. 'घाम थांबला तरच उष्माघात' हा समज चुकीचा आहे. व्यायामामुळे होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने चिंब असू शकतं.

उपचाराचा नियम एका ओळीचा आहे: आधी थंड करा, मग हलवा. बर्फाच्या पाण्याच्या टबात बुडवणं हा सर्वांत परिणामकारक उपाय. तो नसेल तर सावलीत नेऊन सर्वांगावर सतत गार पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि वैद्यकीय मदत बोलवायची. शुद्ध हरपत असेल तर तोंडातून पाणी पाजू नये. अमेरिकेतल्या फॅलमथ रोड रेसमध्ये १८ वर्षांत उष्माघाताचे २७४ रुग्ण आले. तिथे जागच्या जागी थंड पाण्यात बुडवण्याची सोय होती. ते सगळे वाचले, असं २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटलं आहे. उष्माघातात जीव जातो तो बहुतेकदा उशीर झाल्याने.

थांबायचं कधी, हे कोणी ठरवायचं?

उष्माघाताचा सर्वांत फसवा भाग म्हणजे तो निर्णय घेणाऱ्या मेंदूवरच घाला घालतो. ज्याला थांबायची सर्वांत जास्त गरज असते, तोच 'मी ठीक आहे' म्हणतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं.

म्हणून केप एपिकच्या जोडीच्या नियमाकडे केवळ शर्यतीची गंमत म्हणून पाहता येत नाही. दोन मिनिटांच्या अंतरात एक माणूस असतो, जो तुमचं बोलणं आणि तोल पाहू शकतो. अनुभवी जोड्या यासाठी आधीच काही गोष्टी ठरवून ठेवतात. दर अर्ध्या तासाला एक साधा प्रश्न विचारायचा, जसं की पुढचा थांबा किती किलोमीटरवर आहे. उत्तर चुकलं किंवा आलंच नाही, तर थांबायचं. आणि जोडीदार 'थांब' म्हणाला, तर त्यावर वाद घालायचा नाही.

हे करणं सोपं नाही. वर्षभराचा सराव, प्रवासाचा खर्च, घरच्यांनी केलेली तडजोड, हे सगळं त्या एका शब्दावर सोडून द्यावं लागतं. शिवाय एकाने माघार घेतली की दुसऱ्याचाही जोडी म्हणून निकाल लागत नाही. ओझं दोघांवर येतं आणि त्याच ओझ्यापायी माणूस झेपत नसताना पुढे जातो. म्हणूनच शर्यतीला निघण्याआधी जोडीदारांनी एकमेकांना स्पष्ट सांगावं: तू थांबलास तर मी रागावणार नाही.

हे केवळ आफ्रिकेतल्या शर्यतीपुरतं नाही. एप्रिल-मे महिन्यांत सह्याद्रीच्या उघड्या पठारांवर सायकल नेणाऱ्या कोणत्याही गटाला ते लागू आहे. पहाटे निघा, दहाच्या आत परता, एकटे जाऊ नका आणि सर्वांत मागे राहणाऱ्यासोबत कोणीतरी एक जण ठेवा. उन्हात आधी बिघडतं ते त्याचंच, आणि ते पाहायला शेजारी कोणी नसतं.